एका फ्रेमची किंमत तीन लाख पौंड

जेद्दाह येथे १६ ऑगस्ट २०२५ रोजी संपलेल्या सौदी अरेबिया स्नूकर मास्टर्स स्पर्धेचा अंतिम सामना एकोणिसाव्या आणि अखेरच्या फ्रेमपर्यंत गेला. ऑस्ट्रेलियाच्या नील रॉबर्टसनने इंग्लंडच्या रॉनी ओ'सलिव्हनवर १०-९ अशी मात केली. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, उपान्त्य सामन्यात १४७ गुणांचे दोन सर्वोच्च ब्रेक रचून आलेल्या ओ'सलिव्हनला विजेतेपद एका फ्रेमने हुकले. खेळाच्या दृष्टीने याहून सरस अंतिम सामन्याची अपेक्षा करता येणार नाही. मात्र त्या एका फ्रेमवर केवळ करंडक अवलंबून नव्हता.

विजेत्याला ५ लाख पौंड आणि उपविजेत्याला २ लाख पौंड, असे या स्पर्धेचे बक्षीस होते. म्हणजे शेवटची फ्रेम ३ लाख पौंडांची, तेव्हाच्या दराने सुमारे साडेतीन कोटी रुपयांची होती. व्यावसायिक स्नूकरमध्ये बक्षिसाची रक्कम हेच मानांकनाचे गुण असतात. मागील दोन वर्षांत मानांकन स्पर्धांतून ज्याने अधिक पौंड मिळवले, तो क्रमवारीत वर. त्यामुळे बँकेतील फरक जसाच्या तसा क्रमवारीत उतरतो.

या आकड्याचे वजन तुलनेने कळते. यूके चॅम्पियनशिपसारख्या मानाच्या स्पर्धेच्या विजेत्याला अडीच लाख पौंड मिळतात. इंग्लिश ओपन वा नॉर्दर्न आयर्लंड ओपनच्या विजेत्याला १ लाख. म्हणजे जेद्दाहमधील एक फ्रेम यूके चॅम्पियनशिपच्या विजेतेपदाहून भारी आणि इंग्लिश ओपनसारख्या तीन विजेतेपदांच्या तोलाची ठरली. हा योगायोगही नव्हे. २०२४ मध्ये रियाध येथे याच स्पर्धेच्या पहिल्या वर्षी जड ट्रम्पने मार्क विल्यम्सला १०-९ असेच हरवले होते. सलग दोन वर्षे क्रमवारीतील तीन लाखांचा निकाल एकेका फ्रेमने लागला.

क्रमवारी ही केवळ प्रतिष्ठेची बाब असती तर हा हिशेब कुतूहलापुरता राहिला असता. परंतु पहिल्या सोळा खेळाडूंना शेफील्डच्या जागतिक स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. इतरांना पात्रता फेऱ्यांतून जावे लागते. २०१० चा जगज्जेता असलेला रॉबर्टसन या सोळांतून घसरला आणि २०२४ मध्ये पात्रता फेरीतच हरल्याने मुख्य स्पर्धेला मुकला. त्यानंतर त्याने इंग्लिश ओपन आणि वर्ल्ड ग्रां प्री जिंकून स्वतःला सावरले. त्याचे पुनरागमन कष्टाचे आहे, जेद्दाहचे यशही निर्विवाद आहे. प्रश्न खेळाडूचा नसून मोजपट्टीचा आहे.

ही मोजपट्टी फार जुनी नाही. २०१४ पर्यंत स्नूकरमध्ये स्वतंत्र गुणपद्धती होती. जागतिक विजेत्याला १० हजार गुण मिळत, तर उपविजेत्याला ८ हजार. २०२५ च्या सौदी स्पर्धेत उपविजेत्याच्या वाट्याला विजेत्याच्या केवळ ४० टक्के आले. टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम कितीही वाढली तरी ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला २००० आणि उपविजेत्याला १३०० गुण, हे प्रमाण यजमानाच्या तिजोरीवर ठरत नाही. स्नूकरने मात्र क्रमवारी पैशाला बांधली आणि तिचे वजन ठरवण्याचा अधिकार नकळत प्रायोजकाच्या हाती दिला. जो अधिक रक्कम लावेल, त्याची स्पर्धा आपोआप अधिक 'महत्त्वाची' होते. सौदी अरेबियाशी झालेला करार दहा वर्षांचा होता, हे येथे विसरता येत नाही.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. पैशाचा हिशेब सरळ असतो, प्रेक्षकाला तो समजतो आणि तळाच्या खेळाडूंनाही मोठ्या स्पर्धांतून उभारी मिळते. सौदीचा पैसा खेळात येऊ नये, असे म्हणणेही दांभिकपणाचे होईल. इंग्लंडमध्ये एके काळी तंबाखू कंपन्यांच्या पैशावरच स्नूकर वाढले. परंतु बक्षीस देणे वेगळे आणि श्रेष्ठत्व ठरवणे वेगळे.

भारताला या प्रश्नाशी देणेघेणे आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते. २०२५ मध्ये त्याला दीडशे वर्षे झाली. दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कोची येथे इंडियन ओपन ही मानांकन स्पर्धा भरली. २०१३ मध्ये दिल्लीत मुंबईकर आदित्य मेहता तिच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. २०१९ नंतर ती झालेली नाही. पैशाने वजन ठरणाऱ्या वेळापत्रकात मध्यम बक्षिसाची स्पर्धा गळाली, तर घरच्या टेबलावर चार गुण मिळवण्याची भारतीय खेळाडूची संधीही तिच्यासोबत जाते.

उपाय अवघड नाही. बक्षीस हवे तितके वाढवावे. क्रमवारीसाठी मात्र प्रत्येक स्पर्धेचे गुण आणि विजेता-उपविजेत्यातील अंतर नियामकांनी स्वतः ठरवावे. एकोणीस फ्रेमच्या झुंजीत एका फ्रेमने हरलेला खेळाडू विजेत्याच्या निम्म्याहूनही कमी मोलाचा ठरतो, असे सांगणारी क्रमवारी खेळाचे खरे चित्र दाखवत नाही.