वारंवार लाल होणारा डोळा आणि मोतीबिंदू

कोरपना-राजुरा भागात कापसाची वेचणी आटोपली, की घरातली मागे पडलेली कामे आठवतात. आईच्या किंवा सासूबाईंच्या मोतीबिंदूचे काम त्यातलेच. कुठे शिबिर भरल्याचे कळते आणि "या खेपेला उरकून घेऊ" असे ठरते. साध्या मोतीबिंदूसाठी हा विचार योग्यच आहे. पण ज्यांचा डोळा वर्षानुवर्षे मधूनमधून लाल होतो, दुखतो, त्यांनी थोडे थांबावे.

हे दुखणे म्हणजे डोळे येणे नव्हे. डोळे आले की चिपडे येतात आणि बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत बरे वाटते. डोळ्याच्या आत दाह असेल तर चिपडे नसतात. बुबुळाभोवती लाली येते, डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, नजर धूसर होते. डॉक्टर याला युव्हायटिस म्हणतात. हा दाह फार दिवस राहिला तर त्यानेच मोतीबिंदू होतो. दाहावर दिलेले स्टेरॉईडचे थेंब फार काळ घातले तरी मोतीबिंदू होतो आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूची भीती असते. म्हणून जुनी बाटली दाखवून दुकानातून तेच थेंब आणू नयेत.

दाहाचे मूळ कधी क्षयरोगात, कधी संधिवातात, तर कधी कुष्ठरोगात असते. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आपल्या भागाला कुष्ठरोग नवा नाही. वरोऱ्याचे आनंदवन बाबा आमटे यांनी याच रोग्यांसाठी उभारले. अंगावर बधिर चट्टा असेल तर तो लपवू नये. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पूर्वी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबत. आता त्याची गरज उरली नाही. येथे थांबायचे ते दाह शमण्यासाठी. डोळा निदान तीन महिने शांत राहिला, की मगच शस्त्रक्रिया करावी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. शांत आहे की नाही, हे घरी पाहून कळत नाही. ते यंत्राखालीच तपासावे लागते. वाफसा नसताना पेरले तर दुबार पेरणी तरी करता येते. डोळ्याचे तसे नाही. धुमसत्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली तर दाह भडकतो, मागच्या पडद्याला सूज येते आणि आहे ती नजरही जाऊ शकते. क्वचित अति पिकलेला मोतीबिंदूच दाहाचे कारण असतो. तेव्हा डॉक्टर लवकर शस्त्रक्रिया करतात. म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडावा.

शिबिरात गेलात तर पहिल्यांदा हेच सांगा : "डोळा वारंवार लाल होतो, अमुक थेंब घातले आहेत." जुने कागद व बाटल्या सोबत न्या. अशा डोळ्याचे काम मोठ्या रुग्णालयात झालेले बरे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. नजर किती येईल, हेही आधीच विचारा. पडदा किंवा नस बिघडली असेल तर नवे भिंग बसवूनही सारे स्वच्छ दिसेलच असे नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर दाहाचे औषध घ्यावे लागते. नंतरचे थेंब कित्येक आठवडे चालतात आणि बरे वाटले म्हणून ते मध्येच बंद करायचे नसतात. ते वेळेवर कोण घालील, तपासणीला सोबत कोण जाईल, हे घरच्यांनी आधी ठरवावे. मृगाच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवली तर पेरणीच्या धांदलीत नेमके हेच राहून जाते.

मात्र थांबायचे म्हणजे घरी बसून राहायचे नव्हे. दाहावर उपचार आजच सुरू करा. पुढे डोळा शांत झाला, की अशा रुग्णांपैकी पुष्कळांना शस्त्रक्रियेने चांगले दिसू लागते. शस्त्रक्रियेनंतर मात्र डोळा लाल झाला, ठणकू लागला किंवा अंधुक दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.