दरबारी पदके मोडीत

चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: घरोघरची दरबारी पदके मोडीत निघताहेत. सराफ कडी उपटतो, फीत परत देतो आणि पदक तोलून मुशीत टाकतो. सर्वाधिक जातात ती १९११च्या दिल्ली दरबाराची. ती हजारोंनी वाटली गेली, शिवाय कडेवर मानकऱ्याचे नाव नाही. मग नातवंडांना माया कुठून असणार?

शंभरी उलटल्यामुळे हे पदक १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. परदेशी पाठवायला बंदी, व्यापाराला परवाना. वितळवायला मात्र कुणाला विचारावे लागत नाही! एक वाचक पणजोबांचे पदक फुकट द्यायला गेले, तर सरकारी संग्रहालयाने खरेदीची पावती मागितली. पंचम जॉर्जच्या दरबारात पावतीपुस्तक नव्हते, हे साहेबांना कोणी सांगावे? संग्रहालयाच्या अर्जात वजन आणि शुद्धतेचे रकाने आहेत. पदक कोणाला, कशाबद्दल मिळाले, हे विचारणारा रकानाच नाही.

खरे तर मोल त्याच रकान्याचे. १८७७च्या दरबारात संस्थानिकांच्या गळ्यात सोने, खालच्या मानकऱ्यांना रुपे. धातू पाहून पायरी कळावी अशी सोय. कंपनी सरकारचा हिशेब त्याहून उघडा होता. १७७८ ते १७८४च्या मोहिमांत, म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातही, लढलेल्या बंगालच्या शिपायांना तिने दख्खन पदक दिले. त्यावरच्या फारसी मजकुराचा आशय असा, की जगात नाणे चालते तशी या वीरांची कीर्ती चालो. गौरव करतानाही व्यापाऱ्याला आठवले ते चलन! टिपूच्या पाडावाबद्दलच्या श्रीरंगपट्टण पदकावर इंग्रजांच्या सिंहाने टिपूचा वाघ लोळवला आहे. ते कंपनीने इंग्लंडमधल्या बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतले.

सरकारी खात्याला बोल लावून भागणार नाही. आपल्या मंडळाच्या पदक-नोंदवहीसाठी छायाचित्रे मागितली, तर कपाटे भरलेले सभासदच गप्प. प्राप्तिकराची धास्ती असेल तर नाव छापणार नाही, पण वजन, व्यास, कडीचा प्रकार एवढे तरी कळवा. आणि याच आठवड्यात ओळखीच्या सराफाकडे जा. मुशीत टाकण्याआधी फोन करायला सांगा, तोलापेक्षा चार पैसे जास्त मोजा. पदक घरच्यांकडून घेत असाल तर मानकऱ्याचे नाव, गाव, खाते, सनद, फोटो असे मिळेल ते पैसे देण्याआधी लिहून घ्या. चिंच-रिठा लावून घासू नका. १९०३च्या दिल्ली दरबाराची रौप्यपदके जेमतेम अडीच हजारांच्या घरातली. ती समोर आली तर भावात घासाघीस करत बसू नका.