नोकरी सोडून अंदमानला निघालेल्या आई-बाबांना

डिसेंबरात अंदमानची सहल होते. राधानगरच्या किनाऱ्यावर पोरं मनसोक्त वाळूत लोळतात आणि परतीच्या विमानात दोघांपैकी एकजण म्हणतो, "इथंच राहायला आलो तर?" पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत हल्ली हे होतं. बहुतेकांचा विचार बॅगा उघडून कपडे धुवायला टाकले की विरतो. काहींचा विरत नाही. कुणाची नोकरी कपातीत गेलेली असते, कुणाला रोजच्या दोन-अडीच तासांच्या ट्रॅफिकचा वीट आलेला असतो, आणि पोरगं अजून बालवाडीत आहे तोवरच काय ते करून घेऊ, असा हिशेब असतो. हे त्यांच्यासाठी.

जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. मुलं लहान असताना घर हलवणं मोठेपणी हलवण्यापेक्षा सोपंच असतं. माझं म्हणणं एवढंच, की मुख्य भूमीवरून येणारी थोडी तरी कमाई हातात ठेवून जा, आणि तिथला एक पावसाळा काढल्याशिवाय इकडचं काहीही विकू नका, मोडू नका.

बेटावर गेल्यावर काम मिळेल, या भरवशावर निघणाऱ्यांनी आधी तिथली लोकसंख्या बघावी. 2011 च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची सगळी बेटं मिळून साधारण 3 लाख 80 हजार माणसं होती. त्याच जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्याच्या चौपटीहून जास्त होती. एवढ्याशा बाजारात नोकऱ्या किती निघणार? पक्क्या पगाराचा मोठा मालक म्हणजे सरकार, आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या स्थानिकांचा हक्क पहिला. तो असायलाही हवा. उरतं ते पर्यटन : रिसॉर्ट, डायव्हिंग, जेट्टीवरची तिकिटं, टॅक्सी, खानावळी. त्याचा हंगाम ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. मेच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक आटतं आणि हंगामापुरती घेतलेली माणसं सुट्टीवर पाठवली जातात. म्हणजे डिसेंबरात ज्या रिसॉर्टच्या मॅनेजरने "या की, माणसं लागतातच" असं म्हटलं, तो खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त डिसेंबरचं सांगितलं.

आपण तिथं छोटं कॅफे काढू, होमस्टे चालवू, हे दुसरं लोकप्रिय स्वप्न. यात पैसा बुडवण्याआधी दोन गोष्टी. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि आदिवासी राखीव भागातली जमीन 1956 च्या आदिम जमाती संरक्षण कायद्यामुळे बाहेरच्याला मिळतच नाही. बाकीच्या जमिनीचे व्यवहारही आपल्याकडच्या सात-बाऱ्याच्या सवयीने करायला जाऊ नका. तिथला वकील गाठा, महसूल कचेरीत स्वतः जाऊन कागद बघा. "साहेब, माझ्या चुलत्याची जागा आहे, पन्नास टक्के तुम्ही घाला" असं म्हणणारा माणूस तुम्हाला पहिल्या महिन्यातच भेटेल. त्याच्याबरोबर चहा प्या. पैसे पहिलं वर्षभर देऊ नका.

मग कमाई कशाची? ज्यांचं काम लॅपटॉपवर चालतं त्यांची परिस्थिती आता खरंच बदलली आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे 2,300 किलोमीटरची इंटरनेट केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली. त्याआधी सगळा भार उपग्रहावर होता आणि साधा व्हिडिओ उघडायला जीव जायचा. राजधानी पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक बेट, म्हणजे आताची नावं घ्यायची तर श्री विजय पुरम आणि स्वराज द्वीप, दोन्हीकडे ही केबल पोचली आहे. पण वीज बरीचशी डिझेलच्या जनित्रांवर आहे आणि ती जाते. इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी आणि "आज कॉल जमणार नाही" हे ऐकून घेणारा ग्राहक, एवढं असेल तर जमतं. ग्राहक मात्र निघण्याआधी मिळवा. तिथं पोचून, पोरांना सांभाळत, नारळाच्या झाडाखाली बसून पहिला ग्राहक शोधणं फार थोड्यांना साधतं. कंटेंट रायटिंग, शिकवण्या, हिशेब ठेवणं, डिझाइन, जे काही येत असेल ते पुण्यात बसूनच सहा महिने करून बघा. घरखर्चाच्या निम्मी रक्कम दरमहा सुटायला लागली की मग विमानाचे दर बघायला घ्या.

आता पावसाळा. तिथं वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल, कारण त्याच्याकडेही तेवढाच पडतो. पण कोकणात चार महिन्यांत आवरतं. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मोसम लागतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. हॅवलॉकमध्ये राहत असाल तर बोट रद्द होणं म्हणजे मोठा दवाखाना, बँकेचं काम आणि विमानतळ, सगळंच त्या दिवसापुरतं रद्द. भाजीपाला, दूध पावडर, औषधं, सिलिंडर, सिमेंट यातलं बहुतेक मुख्य भूमीवरून येतं. चेन्नई सुमारे 1,200 किलोमीटर लांब, आणि प्रवासी जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. जहाज लांबलं की टोमॅटोचा भाव काय होतो ते तिथल्या गृहिणीला विचारा. गंमत म्हणजे एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्याच्या शेवटी पोर्ट ब्लेअरला पाण्याची ओढ असते. शहराची भिस्त धनीखाडी धरणावर. पाऊस लांबला की नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ पाणी येतं. भाड्याचं घर बघताना समुद्र दिसतो का, हे नंतर विचारा. टाकी केवढी आहे, हे आधी.

म्हणून बघायलाच जायचं असेल तर जूनमध्ये जा. हॉटेलात उतरू नका, महिनाभरासाठी साधं घर भाड्याने घ्या, आणि मुलांना घेऊन जा. चिखल, ओले कपडे, सुके मासे आणि बुरशीचा वास, वीज गेलेली, मोबाइलची रेंज पळालेली, पोरं घरात कोंडलेली. अशा महिन्याच्या शेवटीही दोघांना तिथं राहावंसं वाटलं, तर तुमचं स्वप्न खरं आहे. डिसेंबरात कुणालाही वाटतं.

मुलांच्या तब्येतीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण परत येणाऱ्या कुटुंबांचा निर्णय बहुधा तिथंच होतो. पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत हे सरकारी रुग्णालय आहे, 2015 पासून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. साध्या आजारांची, बाळंतपणाची सोय बरी आहे. गुंतागुंतीच्या आजाराला मात्र चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं. लहान बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तातडीच्या रुग्णाला हेलिकॉप्टरने आणायची व्यवस्था आहे, पण हेलिकॉप्टर हवामानावर उडतं. मुलाला दमा असेल, आकडी येत असेल, हृदयाचं काही दुखणं असेल, तर हॅवलॉकचा विचार डोक्यातून काढून टाका. पोर्ट ब्लेअरचाही दहादा करा. लेप्टोचा ताप मुंबईकरांना 2005 च्या पुरानंतर माहीत झाला, अंदमानात तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. चिखलात अनवाणी खेळणाऱ्या मुलाला ताप आला तर दुसरा दिवस उजाडायची वाट बघायची नाही. आणि मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरीने 2010 मध्ये हॅवलॉकजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा जीव घेतला होता. किनाऱ्यावरच्या इशाऱ्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगायचं.

नोकरी सोडताना कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो, हे तरुण आई-बाप हमखास विसरतात. शेवटचा दिवस उजाडण्याआधी विमा कंपनीकडे अर्ज करून तेच संरक्षण वैयक्तिक पॉलिसीत वळवून घ्या. नव्याने पॉलिसी काढली तर जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नव्या गावात कॅशलेसची सोय कुठल्या रुग्णालयात आहे, तेही विचारून ठेवा. नसेल तर उपचाराचे पैसे आधी स्वतः भरायची तयारी लागते.

शाळेचं तुलनेने सोपं आहे. सरकारी शाळासुद्धा सीबीएसईच्या आहेत. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्या राज्य मंडळाच्या शाळांसारखं जूनमध्ये नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीत बरोबर ठेवा. पोरांच्या कानावर हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू पडेल, आणि ती सहज चार भाषांत भांडायला शिकतील. मराठी घरातच बोलावी लागेल. आजी-आजोबांशी रोज व्हिडिओ कॉल, निदान त्यासाठी तरी.

आजी-आजोबांचा विषय निघालाच आहे. सासऱ्यांना मध्यरात्री छातीत दुखलं, तर सातारला पोचायला किती वेळ लागेल याचा हिशेब आजच करा. दुसऱ्या दिवशीचं विमान, बहुतेकदा चेन्नईत किंवा दुसऱ्या एखाद्या शहरात बदल, मग मुंबई किंवा पुणे, मग गाडी. आयत्या वेळच्या तिकिटाचा दर वेगळाच असतो. घरात एकुलता मुलगा किंवा एकुलती मुलगी असाल, तर हा खर्च अपवाद समजू नका, अंदाजपत्रकात धरा.

अंदाजपत्रक म्हणजे तरी किती? समजा तुमचं घर महिन्याला 50 हजारांत चालेल. भाडं पुण्यापेक्षा कमी पडेल, पण किराणा, प्रवास आणि विजेची सोय ती बचत खाऊन टाकतात, तेव्हा फार स्वस्ताईची आशा नको. कमाई शून्य धरून 18 महिने काढायचे तर 9 लाख झाले. यात पीएफ धरायचा नाही, मुलांच्या नावच्या ठेवी धरायच्या नाहीत, दागिने धरायचे नाहीत. घराचा हप्ता चालू असेल तर तो या 9 लाखांच्या वर. राहतं घर विकून त्यावर जगू, असं कुणी सुचवलं तर त्याला चहासुद्धा विचारू नका. घर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर द्या, त्या भाड्यातून हप्त्याचा काही भाग सुटेल आणि परतायचं झालं तर दार उघडं राहील.

मग बाहेरच्याच बेटावर का जाऊ नये, असंही विचारणारे आहेत. बालीला पर्यटक म्हणून गेलात तर तिथं काम करायला मनाई आहे, आणि मुदत संपल्यावर दर दिवसाला दंड लागतो. मॉरिशसने 2020 मध्ये वर्षभराचा प्रीमियम व्हिसा काढला, पण त्याला महिन्याला किमान 1,500 डॉलर कमाई दाखवावी लागते आणि तीही मॉरिशसबाहेरून आलेली. बेकारासाठी तो नाहीच. तिथल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेले ते हातात कामाचा करार घेऊनच. करार जुलमी होता, तो भाग वेगळा. आपल्याच लक्षद्वीपमध्ये तर चार दिवस फिरायलाही परवाना लागतो. त्या मानाने अंदमान सोपं. निकोबार आणि राखीव भाग सोडले तर भारतीय माणसाला तिथं जायला, राहायला कुणाची परवानगी लागत नाही. पण परवानगी लागत नाही म्हणून पोटाची सोय आपोआप होते, असं होत नाही.

राहता राहिला घरातला प्रश्न, आणि तो पैशांपेक्षा अवघड आहे. हे स्वप्न बहुतेकदा दोघांपैकी एकाचं असतं. दुसरा हो म्हणतो, कधी प्रेमाने, कधी कटकट नको म्हणून. तिकडे गेल्यावर स्वप्न बघणारा डायव्हिंग शिकतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याला पाण्याचा पंप, तापलेलं पोर आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच पडणारा अंधार येतो. शेजारी मायेचे असतात, पण आईशी बोलावं तसं त्यांच्याशी लगेच बोलता येत नाही. म्हणून निघण्याआधी स्पष्ट ठरवा : कुठल्या परिस्थितीत परत यायचं. पैसे अमुक रकमेच्या खाली गेले, मूल दोनदा रुग्णालयात गेलं, किंवा दोघांपैकी एकाने नुसतं "आता बास" म्हटलं, तरी पुरे. कारण मागायचं नाही, आणि परत आल्यावर टोमणे मारायचे नाहीत.

आणि त्या परतीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा : सगळ्यांची विमानाची तिकिटं, सामानाची वाहतूक, इकडच्या भाड्याच्या घराची अनामत, शाळेची फी आणि नवी नोकरी मिळेपर्यंतचा तीन महिन्यांचा खर्च. ही रक्कम वरच्या 18 महिन्यांच्या खर्चात मिसळू नका. तिचं खातं वेगळं उघडा आणि ते दोघांच्या सहीशिवाय चालणार नाही, अशी सूचना बँकेला लेखी द्या.