विश्लेषण : ‘थॉर्न ट्री’ बंद झाल्याने प्रवाशांनी काय गमावले?

‘लोनली प्लॅनेट’ या प्रवासमार्गदर्शक कंपनीने १९९६ मध्ये ‘थॉर्न ट्री’ हा ऑनलाइन कट्टा सुरू केला.

नाव कुठून आले?
नैरोबीतील स्टॅनली हॉटेलच्या कॅफेत काटेरी झाडावर प्रवासी एकमेकांसाठी चिठ्ठ्या लावत. त्यावरून.

बंद का झाला?
२०२० मध्ये करोनामुळे प्रवास थांबला. कंपनीने मेलबर्न, लंडनमधील कार्यालये जवळपास बंद केली. कट्ट्यावर नवे लिहिणेही थांबवले. पुढे तो कायमचा बंद झाला.

नुकसान काय?
व्हिसा, सीमेवरची बस, स्वस्त मुक्काम याची माहिती तिथून नुकतेच परतलेले लोक फुकट देत. जुनी उत्तरेही शोधता येत. आता हीच चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. पण ती बाहेरच्यांना सापडत नाही. मुख्य धडा हा : माहिती प्रवाशांनी लिहिली, पण ती ठेवायची की नाही, हे मालकाने ठरवले.