विश्लेषण : सॉफ्टवेअरचा वेग मोजायला वेगळे यंत्र का लागते?

प्रोग्रामर कोडमध्ये बदल करतो, स्वयंचलित चाचणी चालते आणि पडद्यावर आकडा येतो : प्रोग्राम तीन टक्क्यांनी मंदावला. बदल नामंजूर. प्रोग्राम खरेच मंदावला, की मोजणारे यंत्रच त्या वेळी दमलेले होते, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही.

गडबड कुठे होते?

कोडपासून यंत्राला चालवता येईल अशी फाइल तयार करणे म्हणजे ‘बिल्ड’. मोठ्या प्रकल्पाचा बिल्ड प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला जुंपतो. प्रोसेसर तापतो आणि फार तापला की स्वतःचा वेग उतरवतो. त्याच यंत्रावर लगेच बेंचमार्क चालवला, तर कोडसोबत ती उष्णताही मोजली जाते. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तर शेजारी कोणाचे काम चालू आहे, हेही कळत नाही.

म्हणून बिल्ड एकीकडे, मोजणी दुसरीकडे. ‘रस्ट’ या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात कंपायलर क्लाउडवर तयार होतो. त्याचे बेंचमार्क मात्र त्यासाठीच राखून ठेवलेल्या यंत्रावर चालतात. तिथेही घड्याळी वेळेपेक्षा प्रोसेसरने किती सूचना पार पाडल्या यावर अधिक भर असतो, कारण तो आकडा कमी हलतो. मोबाइल अ‍ॅपच्या बाबतीत ही फारकत आपोआपच होते. अ‍ॅप लॅपटॉपवर बनते, चालते फोनवर.

वेगळे यंत्र पुरेसे आहे?

नाही. कंपायलरला ‘नेटिव्ह’ पर्याय दिला, तर तो बिल्ड करणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी फाइल बनवतो. मोजणीचे यंत्र जुने असेल, तर ती तिथे कोसळू शकते. त्यामुळे लक्ष्य प्रोसेसर स्पष्ट सांगावा लागतो. टॉड मिट्कोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की फाइलचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडले एवढ्यानेही निकाल बदलतो. हा दोष बिल्डमध्येच शिरतो. यंत्र बदलून जात नाही.

छोट्या कंपन्या खर्चाचे कारण देतात. ते फारसे पटणारे नाही. मोजणीचे यंत्र वेगवान नको, स्थिर हवे. टर्बो बंद केलेला, दुसरे काहीच न करणारा जुना डेस्कटॉपही बऱ्याचदा चालतो. तेवढेही नसेल, तर निदान न बदललेला कोड त्याच यंत्रावर दहा वेळा मोजावा. त्यातच तीन टक्क्यांचा फरक दिसला, तर नामंजूर झालेला बदल पुन्हा उघडावा लागेल.