चतकोर भाकरीचं रसायनशास्त्र

बालमित्रांनो, आज थोडं मोठ्या दादा-तायांच्या अभ्यासाविषयी. पण चौथी-पाचवीतल्यांनी पान उलटू नका हं, गोष्ट तुमच्याच वर्गातून सुरू होते.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी यंदा बारावीला आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा द्यायच्यात. परवा संध्याकाळी रडवेली होऊन घरी आली. "बाई, केमिस्ट्री डोक्यात शिरतच नाही. सोडून देते हा नाद!" हातात सराव परीक्षेचा पेपर. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, मला कुठली एवढी केमिस्ट्री! तरी म्हटलं, दाखव तर.

पहिला चुकलेला प्रश्न : ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे किती मोल? तिचं उत्तर, ४. मोल म्हणजे काय, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. डझनात जसे १२ नग, तसे एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल ४४ ग्रॅमचा.

"अगं, ४४ ग्रॅमचा एक, मग ११ ग्रॅमचे चार कसे?"

ती क्षणभर गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलंत ना, मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं?"

खरंच की! सोपं जावं म्हणून मीच तसं सांगत असे. आता गप्प बसायची पाळी माझी.

मग दोघींनी सगळा पेपर पुन्हा पाहिला. रसायनशास्त्र न समजल्यामुळे झालेल्या चुका थोड्याच होत्या. बाकी अपूर्णांक, दशांश चिन्ह, एकक बदलणं आणि घाई. घाई होणारच म्हणा! एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला १ मिनिट ४८ सेकंद. तिथे चुकीला गुण कापत नाहीत. जेईई मेनला मात्र बरोबरला ४ आणि चुकीला वजा १.

तिला चुकांची वही घालायला सांगितली. चुकलेलं गणित उतरवायचं आणि शेजारी कारण लिहायचं : समजलं नाही, आठवलं नाही, की घाई केली? आठ दिवसांनी उत्तर झाकून तेच गणित पुन्हा सोडवायचं. आणि उत्तर काढण्याआधी अंदाज बांधायचा, एकापेक्षा कमी येईल की जास्त? असेंद्रिय रसायनाला पाठांतर लागतंच. ते रोज थोडं थोडं, पाठ्यपुस्तकातूनच. पालकांनो, नव्या गाईडपेक्षा ही जुनी वही आधी मागून बघा.

सोमवारी चौथीच्या फळ्यावर मी लिहिलं : ११ भाकऱ्या, ४४ मुलं, प्रत्येकाला किती? "बाई, गणित उलटं लिहिलंय!" अर्धा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "चतकोर, बाई."