कारभार कोणाचा? वही कोणाच्या हातात?



मागल्या महिन्यात आम्ही तिघं कामगारांच्या शिबिराला सोलापूरला गेलो होतो. मुक्काम शुक्रवार पेठेत, गिरणीत जन्म काढलेल्या एका बाबांच्या घरी. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर वाद निघाला. आपल्या बैठकीत दरवेळी निघतो तोच. सरकारी कारभार चांगला की खासगी? एक म्हणाला, सरकारी म्हणजे बुडीत, खासगी मालक निदान काम तरी करून घेतो. दुसरा म्हणाला, मालक लुटतो, सगळं सरकारनंच घ्यावं. १९८३ ला मुंबईच्या १३ गिरण्यांचा कारभार घेतलाच की!

बाबा म्हणाले, "पोरांनो, हे आमच्या सोलापुरात कधीच होऊन गेलंय." मग त्यांनी जुन्या गिरणीची हकिगत सांगितली. ती तुम्हाला सांगायलाच हा लेख.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही मोठी खासगी गिरणी. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. यंत्रं तीच होती, राबणारे हातही तेच होते. नापास झाले ते कारभारी. हे आम्ही म्हणत नाही. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढला, त्यातच लिहिलं होतं की गैरकारभार आणि हयगय झाली. जुने डायरेक्टर काढले, सरकारनं आपले बसवले.

नव्या डायरेक्टरांनी शेअरवाल्यांकडे उरलेले पैसे मागितले, शेअरमागे ५० रुपये. एक शेअरवाला कोर्टात गेला. सरकारचं म्हणणं, गिरणी आम्ही घेतलेली नाही, शेअरचे कागदही घेतले नाहीत, फक्त कारभार घेतला. डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तो शेअरवाल्याच्या बाजूनं. सगळा कारभार काढून घेणं म्हणजे मालमत्ताच काढून घेणं, आणि भरपाई दिल्याशिवाय ते करता येत नाही. पुढे १९५५ साली सरकारला घटनाच दुरुस्त करावी लागली.

हे ऐकलं आणि आम्हाला झोप लागली नाही.

कारभार काढून घेणं म्हणजे मालमत्ता काढून घेणं! मग साथींनो, आपल्या जंगलाचं काय? इंग्रजानं कायदा केला, १९२७ साली तो पक्का केला, आणि आपलं रान 'राखीव' झालं. तुम्ही तिथंच राहा, फक्त कारभार आमचा, असंच आपल्यालाही सांगितलं. कुठलं झाड तोडायचं, गुरं कुठं चारायची, मोह कधी वेचायचा, सगळं साहेब ठरवणार. शेअरच्या कागदासाठी कोर्टात घटना उघडली गेली. आपल्या आजोबाच्या रानासाठी कोणी उघडली? भरपाई म्हणून आपल्याला मिळाली ती दंडाची पावती!

आणि या कारभाराची परीक्षा कोण घेतं? गिरणी बंद पडली तेव्हा कारभारी नापास ठरले. जंगल उजाड झालं तर खातं नापास ठरत नाही, आपण 'अतिक्रमणवाले' ठरतो. वन विकास महामंडळ १९७४ साली निघालं. मिसळीचं रान तोडायचं, साग लावायचा, आणि अहवालात किती हेक्टर लावलं ते लिहायचं. तोडलेला मोह, चार, टेंभुर्णी त्या अहवालात कुठल्या रकान्यात येते? गावाची भूक कुठल्या रकान्यात येते?

तेंदूचंच बघा. १९६९ च्या कायद्यानं व्यापार सरकारच्या हातात गेला. पण फळीवर मोजायला ठेकेदाराचा मुन्शीच बसतो. पुडा कमी भरला म्हणतो आणि बाजूला फेकतो. तेच पान सोलापूरला जातं, तिथं बाया त्याची विडी वळतात, आणि मोजणारा विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. वेचणारीही बाई, वळणारीही बाई. मोजणारा दोन्हीकडे दुसराच.

म्हणून आम्ही म्हणतो, सरकारी की खासगी हा भांडणाचा खरा मुद्दा नाही. मालक बदलला तरी वही राबणाऱ्यापासून लांबच राहिली. ज्यानं घाम गाळला त्याला वही उघडता येते का, चुकलेल्या कारभाऱ्याला काढता येतं का, एवढंच विचारा.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याच एका गावात सोसायटीची वही दोन वर्षं पेटीत कुलुपात होती. किल्ली आपल्याच माणसाकडे! विचारलं तर म्हणे, विश्वास नाही का? विश्वास आहे, पण हिशोब पाहिजे. आपण वही लपवली तर ठेकेदाराला बोलायचं तोंड आपल्याला राहत नाही.

तेव्हा यंदा तीन कामं:

१. तेंदूच्या फळीवर मुन्शीशेजारी गावाचं माणूस बसेल आणि दुसरी वही लिहील. लिहिता येत नसेल तर कोळशानं भिंतीवर रेघा मारा. रेघही पुरावाच आहे.

२. रोजगार हमीचं हजेरीपत्रक रोज कामावरच मोठ्यानं वाचून घ्यायचं. वाचल्याशिवाय अंगठा नाही.

३. सोसायटीची, संघटनेची, प्रत्येक वही दर महिन्याला गावसभेत उघडायची. बायांसमोर उघडायची.

जंगलाचा कारभार आपल्याला पाहिजे. तो चालवता येतो हे आधी आपल्याच वहीत दाखवू.

वही आमची, रान आमचं!
जिंदाबाद!